मंगोलियन जर्बिलच्या केशवर्णाची आनुवंशिकता

पुढील जोडी कल्पावी. नर पांढरा आहे. त्याचे डोळे लाल असून शेपटीवर मात्र काळसर छटा आहे. मादीही पांढरीच; तिचे डोळेही लाल, परंतु शेपटी अंगाइतकीच पांढरी. दोघांचे पूर्वज कित्येक पिढ्या आपापल्या वाणात शुद्ध राहिलेले आहेत. सुमारे २५ दिवसांनी मादी विते. पिले जन्मतः उघडी असतात; आठवड्याभरात अंगावर लव दिसू लागते, आणि ती पांढरी नसते. पाचही पिले मंगोलियाच्या गवताळ मैदानातील रानटी जर्बिलसारखी सोनेरी-तपकिरी निघतात.

पाळणाऱ्यास येथे पहिली शंका येते ती पिंजऱ्याचे दार उघडे राहिल्याची. ती निराधार आहे. ह्या दोन जनावरांपासून दुसऱ्या कोणत्याही रंगाचे पिलू होणे शक्यच नव्हते. ते का, हे समजून घेतले म्हणजे ह्या लहानशा प्राण्याच्या केशवर्णाची बरीचशी आनुवंशिकता हाती येते. मात्र त्यासाठी 'पांढरा रंग वारसाने येतो' हा रोजच्या बोलण्यातला समज प्रथम बाजूस ठेवावा लागतो. वारसाने येतात ती जनुके. रंग हा त्यांनी मिळून केलेल्या कामाचा परिणाम असतो.

मंगोलियन जर्बिल हा कृंतक गणातील प्राणी. मेरिओनिस उंग्विक्युलॅटस हे त्याचे शास्त्रीय नाव. मेरिओनिस हा होमरच्या 'इलियड' महाकाव्यातील एक योद्धा, आणि उंग्विक्युलॅटस म्हणजे नखे असलेला. जेमतेम मुठीत मावणाऱ्या जनावरास हे नाव जरा जडच आहे. त्याच वंशातील मेरिओनिस हरियानी ही जाती राजस्थान व कच्छ येथील वाळूत बिळे करून राहते, त्यामुळे हे कूळ भारतीय प्राणिशास्त्रास अपरिचित नाही. मंगोलियन जातीचे नमुने फ्रेंच धर्मोपदेशक आर्मां दाव्हिद ह्यांनी १८६६ मध्ये उत्तर चीनमधून पॅरिसला धाडले व पुढील वर्षी आल्फोंस मिल्न-एडवर्ड्‌झ ह्यांनी जातीचे वर्णन प्रसिद्ध केले. प्रयोगशाळेत ती आली १९३५ मध्ये. त्या वर्षी अमूर नदीच्या खोऱ्यात पकडलेल्या २० जोड्या जपानमध्ये नेण्यात आल्या. त्यांच्या वंशातील ११ जोड्या १९५४ मध्ये व्हिक्टर श्वेंटकर ह्यांनी अमेरिकेत आणविल्या. ह्या २२ जनावरांपैकी पुढील वंशास कारणीभूत झाली ती केवळ ५ माद्या व ४ नर. १९६४ मध्ये ब्रिटनमध्ये गेलेली जनावरे ह्याच साठ्यातील.

हा इतिहास केवळ कुतूहलाचा नाही. नऊ जनावरे म्हणजे प्रत्येक जनुकाच्या फार तर १८ प्रती. आज युरोप-अमेरिकेत घरोघर पाळल्या जाणाऱ्या जर्बिलांत जी रंगांची विविधता दिसते, ती एकतर ह्या अठरा प्रतींत कोठेतरी दडून आलेली असली पाहिजे, अथवा नंतर नव्याने झालेल्या उत्परिवर्तनांनी निर्माण केलेली असली पाहिजे. अप्रभावी जनुक रानटी रंगाच्या जनावरात पिढ्यान्‌पिढ्या न दिसता राहू शकते. प्रभावी जनुकास मात्र लपण्यास जागा नसते. ह्या भेदाचा उपयोग पुढे होईल.

रानटी रंगापासून आरंभ करणे सोयीचे. पाठीवरील एकच केस भिंगाखाली धरला तर तो एकरंगी नसल्याचे दिसते. मुळाशी तो पाटीसारखा करडा, मध्ये सोनेरी पिवळा व टोकाशी काळा असतो. असे लक्षावधी केस दाटीने उभे राहिले की दुरून सोनेरी-तपकिरी रंगाचा भास होतो. वस्तुतः ह्या जनावराजवळ दोनच रंजकद्रव्ये आहेत : काळे युमेलॅनिन आणि पिवळे फीओमेलॅनिन. दोन्ही एकाच प्रकारच्या पेशीत तयार होतात. ह्या रंगपेशी भ्रूणाच्या पाठीच्या कण्यालगत उगम पावतात, तेथून कातडीभर पसरत जातात व केसांच्या मुळांशी स्थिरावतात. त्यांच्यातील सूक्ष्म कोशिकांत टायरोसिनेज ह्या एंझाइमाच्या साहाय्याने टायरोसीन ह्या ॲमिनो अम्लापासून रंजकद्रव्य बनते. काळे बनावे की पिवळे, हे पेशीच्या पृष्ठभागावरील एक ग्राहक प्रथिन ठरविते. त्याला एका संप्रेरकाचा संदेश मिळाला की काळे, आणि 'अगूटी' नावाच्या प्रथिनाने तो संदेश अडविला की पिवळे. केस वाढत असताना अगूटी प्रथिन मधल्या काही दिवसांपुरते स्रवते आणि तेवढ्या लांबीचा पट्टा पिवळा होतो.

अर्थात रंग बिघडण्याच्या जागा अनेक आहेत. रंगपेशी कातडीपर्यंत पोहोचलीच नाही, पोहोचली पण एंझाइम निकामी निघाले, एंझाइम ठीक पण कोशिकेतील परिस्थिती त्यास अनुकूल नाही, किंवा सर्व ठीक असून काळ्या-पिवळ्याची अदलाबदल होत नाही. जर्बिलमध्ये ह्यांपैकी प्रत्येक ठिकाणचा बिघाड पाहावयास मिळतो.

येथे लेखनाची एक अडचण सांगितली पाहिजे. रोमन लिपीत प्रभावी जनुक मोठ्या अक्षराने व अप्रभावी लहान अक्षराने दाखविण्याची रीत आहे. देवनागरीत अक्षरांचा तो भेद नाही. पण ऱ्हस्व-दीर्घाचा आहे, आणि तो ह्या कामी चांगला उपयोगी पडतो. यास्तव पुढे प्रभावी विकल्पास दीर्घ व अप्रभावी विकल्पास ऱ्हस्व अक्षर योजिले आहे. अगूटी स्थानासाठी आ व अ. वर्णहीनतेच्या स्थानासाठी सा व स. लाल डोळ्यांच्या स्थानासाठी पा व प. करड्या रंगाच्या स्थानासाठी गा व ग. पिवळ्या विस्ताराच्या स्थानासाठी ई व इ. आणि पांढऱ्या ठिपक्यासाठी ठा व ठ. प्रत्येक जनावरात प्रत्येक स्थानाच्या दोन प्रती असल्यामुळे रानटी शुद्ध जनावर आआ सासा पापा गागा ईई ठठ असे लिहिता येते.

पैकी अगूटी स्थानाची कथा सर्वांत सोपी. अअ जनावरात पिवळा पट्टा पडतच नाही. केस मुळापासून टोकापर्यंत काळा राहतो आणि जनावर काळे होते. काळ्या जर्बिलच्या गळ्याशी व पंजांवर थोडे पांढरे केस बहुधा असतात. ह्या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीकडे शेवटी परत यावे लागेल. दोन आअ जनावरांच्या संततीत तीन तपकिरी व एक काळे हे मेंडेलचे प्रमाण मिळते.

लाल डोळ्यांच्या स्थानी पप घडण असली की रंगपेशीतील कोशिका काळे द्रव्य नीट साठवू शकत नाहीत. पिवळ्यावर मात्र फारसा परिणाम होत नाही. म्हणून आआ पप जनावराच्या केसांतील काळे टोक व करडे मूळ फिके होऊन मधला पिवळा पट्टा उजळतो, आणि पांढऱ्या पोटाचे, नारिंगी-सोनेरी, लाल डोळ्यांचे देखणे जनावर तयार होते. त्याच पप जोडीस अअ मिळाले तर? तेथे पिवळे नाहीच, काळे तेवढे होते आणि ते फिके झाले. परिणामी करडा-जांभळट रंग. आअ पाप अशा दोघांपासून रानटी, काळा, सोनेरी व जांभळट हे चार रंग ९ : ३ : ३ : १ ह्या प्रमाणात मिळतात. काळ्या व सोनेरी वाणापासून सुरुवात करणाऱ्या नवशिक्या प्रजनकास ह्यातले दोन रंग कोठून आले हे कोडे वाटते. पाठ्यपुस्तक वाचलेल्या विद्यार्थ्यास वाटू नये.

करड्या रंगाचे स्थान नेमके उलट वागते. गग जनावरात पिवळे द्रव्य जवळजवळ नाहीसे होते व काळे बरेचसे टिकते. पाठीवर रुपेरी-करडी झाक येते व पोट शुभ्र होते. लायपर व रॉबिन्सन ह्यांनी हे उत्परिवर्तन १९८५ मध्ये नोंदविले. आरंभी ते स्वतंत्र 'करडे' जनुक म्हणून ओळखले जाई. पुढे जर्बिलच्या अभ्यासकांनी त्याची जोड उंदरातील 'अंडरव्हाइट' ह्या स्थानाशी घातली. पिवळे जावे आणि काळे राहावे, ह्या प्रकाराचे भारतीय वाचकास ठाऊक असलेले उदाहरण म्हणजे रेवा संस्थानातील पांढरा वाघ. त्याच्या अंगाचा पिवळा रंग गेलेला असतो पण काळे पट्टे शाबूत असतात, आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्याचे कारण उंदरातील ज्या जनुकास 'अंडरव्हाइट' म्हणतात त्याच जनुकातील बदल असल्याचे आढळले. १९५१ मध्ये पकडलेल्या मोहन ह्या वाघास बेगम वाघिणीपासून झालेले सर्व बछडे नेहमीच्या रंगाचे होते. त्यांपैकी राधा ह्या मुलीशीच त्याची जोडी लावली तेव्हा १९५८ मध्ये चार बछडे झाले व चारही पांढरे. अपेक्षा निम्म्याची होती. चारही पांढरे होण्याची शक्यता सोळांत एक. लहान वेतात असे योग येतात, आणि त्यावरून प्रमाण काढू लागल्यास फसगत होते.

आता वर्णहीनतेचे स्थान. हे टायरोसिनेज एंझाइमाचेच स्थान होय. जर्बिलमध्ये त्याचे दोनांहून अधिक विकल्प आढळतात. रॉय रॉबिन्सन ह्या ब्रिटिश आनुवंशिकीविदाने, ज्याचे मांजरांच्या प्रजननावरील पुस्तक प्रजनकांत प्रसिद्ध आहे, १९७३ मध्ये ह्या स्थानाच्या पहिल्या विकल्पाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यास येथे स म्हटले आहे. सस जनावर पांढरे व लाल डोळ्यांचे असते, तथापि ते खऱ्या अर्थाने वर्णहीन नाही. त्याचे एंझाइम नष्ट झालेले नसून उष्णतेने दुबळे झालेले असते. शरीराच्या नेहमीच्या तापमानात ते चालत नाही, थंड भागी थोडेफार चालते. पिलू आईच्या उबेत असते तोवर ते सर्वत्र पांढरेच. पुढे केसांनी झाकलेली पण धडापासून दूर असलेली शेपटी त्यातल्या त्यात थंड राहते आणि वयात येता येता तिच्यावर काळसर रंग उतरतो. सयामी मांजराचे कान आणि हिमालयी सशाचे नाक ह्याच न्यायाने काळे होतात. २००१ मध्ये पेट्रिय व त्याच्या सहकाऱ्यांनी ह्याच स्थानावरील दुसरा असा विकल्प प्रसिद्ध केला. तो सौम्य आहे; त्याच्यामुळे काळ्या जनावराचे अंग गडद तपकिरी व टोके काळी राहतात, आणि तो स बरोबर एकत्र आला म्हणजे सयामी मांजराची आठवण करून देणारे फिकट अंगाचे, काळ्या टोकांचे जनावर दिसते.

सस घडणीचे एक वैशिष्ट्य असे की ती इतर स्थानांस झाकून टाकते. रंजकद्रव्य बनविणारे एंझाइमच चालत नसेल तर पिवळा पट्टा पाडण्याची आज्ञा असली काय आणि नसली काय. आअ सास अशा दोघांच्या संततीत म्हणून ९ तपकिरी, ३ काळी व ४ पांढरी मिळतात. त्या चार पांढऱ्यांपैकी तीन मनातून तपकिरी व एक मनातून काळे असते. शेपटीवरील छटेतही हा भेद ओळखणे कठीण. पांढऱ्या जनावराची जनुकीय घडण सांगावयाची तर ते डोळ्यांनी सांगता येत नाही. त्याच्या आईबापांवरून किंवा पिलांवरूनच सांगावी लागते.

स विषयी आणखी एक गोष्ट नोंदण्यासारखी आहे, कारण 'प्रभावी' व 'अप्रभावी' ह्या शब्दांना विद्यार्थी वाजवीपेक्षा अधिक पक्के समजतात. काळ्या डोळ्यांच्या जनावरात सासा व सास ह्यांच्यात दिसण्यात फरक नसतो. तेथे सा पूर्णपणे प्रभावी आहे. परंतु पप जनावरात सास घडण असली तर सोनेरी रंग फिकट मलईसारखा होतो आणि जांभळट रंग पारव्यासारखा. तेच दोन विकल्प, तेच एंझाइम. पण पार्श्वभूमी बदलताच प्रभाव अपुरा पडतो. त्याचे स्पष्टीकरण अवघड नाही. निम्मे एंझाइम निरोगी कोशिकेस पुरते, दुबळ्या कोशिकेस पुरत नाही. प्रभाव हा जनुकाच्या अंगचा गुण नसून त्या जनुकास मिळालेल्या परिस्थितीचा गुण आहे, असे म्हणावे लागते.

प्रारंभीच्या जोडीचा उलगडा आता करता येतो. काळसर शेपटीचा नर आआ सस पापा गागा होता. त्याच्याजवळ एका एंझाइमाखेरीज सर्व काही ठीक होते. पांढऱ्या शेपटीच्या मादीचे एंझाइम मात्र निर्दोष होते. ती होती अअ सासा पप गग. तिच्यात पिवळा पट्टा नाही. उरलेले काळे प मुळे फिके पडले व ग मुळे तेही मावळले. ह्या वाणास प्रजनक लाल डोळ्यांचा पांढरा म्हणतात. दोघांची पिले आअ सास पाप गाग, म्हणजे चारही स्थानी एकेक चांगली प्रत असलेली. बापाची उणीव आईने भरून काढली आणि आईच्या तीन उणिवा बापाने. बेटसन व पनेट ह्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी दोन पांढऱ्या फुलांच्या गोड वाटाण्यांपासून जांभळ्या फुलांची झाडे मिळविली होती, तोच हा प्रकार.

ही पिले आपसांत जोडली तर पुढील पिढीत रानटी रंग येण्याची शक्यता चार स्थानी तीन-चतुर्थांशांचा गुणाकार, म्हणजे २५६ पैकी ८१. काळसर शेपटीचे अथवा स मुळे पांढरे झालेले येतील ६४. आजीच्या घडणीचे, स च्या साहाय्यावाचून पांढरे असलेले, अवघे ३. एक पांढरा सहज परत मिळतो, दुसरा परत मिळविण्यास कित्येक वेते लागतात. बाजारात दोघांची किंमत सारखीच असेल, पण प्रजनकाच्या नोंदवहीत त्या दोन सर्वस्वी निराळ्या गोष्टी आहेत.

एका जातीतील जनुकास दुसऱ्या जातीतील जनुकाचे नाव द्यावयाची प्रथा ह्या विषयात जुनी आहे. हॉल्डेन ह्यांनी १९२७ मध्ये कृंतक व मांसाहारी प्राण्यांच्या रंगांचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला आणि निरनिराळ्या जातींत तीच स्थाने पुनःपुन्हा आढळतात हे दाखविले. पुढे १९५७ पासून अखेरपर्यंत हेच हॉल्डेन भारतात राहिले व १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे वारले. तौलनिक पद्धतीने जर्बिलचे काम फार सुकर केले, ह्यात शंका नाही. उंदीर शंभर वर्षे अभ्यासिलेला. त्याच्या नकाशावर जर्बिलचे रंग बसवीत जाणे एवढेच पुष्कळदा उरते. परंतु नाव दिले म्हणजे काम संपले असे नाही, आणि त्याचे उत्तम उदाहरण पिवळ्या विस्ताराचे स्थान हे आहे.

बहुतेक सस्तन प्राण्यांत इइ घडणीचा अर्थ असा : रंगपेशीवरील ग्राहक प्रथिन बधिर झाले, काळ्याचा संदेश ऐकू येईनासा झाला, सबब जनावर पिवळे. जो मुळी ऐकतच नाही त्याला कोणी अडविले काय किंवा न अडविले काय, सारखेच. म्हणून अशा जनावरात अगूटी स्थानी आ आहे की अ आहे ह्याचा फरक पडू नये. जर्बिलमध्ये तो पडतो. आआ इइ पिले प्रथम झगझगीत मधाळ पिवळी व पांढऱ्या पोटाची असतात. अअ इइ पिले नारिंगी असून त्यांचे पोटही रंगीत असते. पहिली कात टाकल्यानंतर दोहोंच्याही केसांच्या टोकांशी काळे उतरू लागते, दुसऱ्या प्रकारात अधिक दाट. म्हणजे जर्बिलच्या इइ जनावरात काळ्याचा मार्ग कायमचा बंद झालेला नसून वयाबरोबर अंशतः उघडतो, आणि अगूटीचा शब्द तेथेही थोडासा चालतो. ह्याच स्थानाच्या आणखी एका विकल्पात पिलू नारिंगी जन्मते व वाढत्या वयाबरोबर अंग पांढुरके होऊन केवळ नाक व शेपूट रंगीत राहते. जर्मन प्रजनकांनी त्यास 'शिमल' म्हटले. त्या भाषेत ह्या शब्दाचे पांढरा घोडा व बुरशी असे दोन्ही अर्थ आहेत. अशा जनावरांचा रंग नोंदविताना वय नोंदविले नसेल तर ती नोंद निरुपयोगी समजावी.

नोंदींचा विषय निघाला आहे तर वेतांच्या लहानपणाविषयीही सांगावयास हवे. जर्बिलच्या वेतात साधारणतः पाचाच्या आसपास पिले असतात. दोन आअ जनावरांच्या पाच पिलांत एकही काळे नसण्याची शक्यता तीन-चतुर्थांशांचा पाचवा घात, म्हणजे १०२४ पैकी २४३. जवळजवळ चारांत एक. तेव्हा एका वेतात काळे दिसले नाही म्हणून आईबापांत काळ्याचे जनुक नाही असा निष्कर्ष काढणे चूक. संशयित तपकिरी जनावर अअ जोडीदाराशी जोडावे. ते आअ असेल तर निम्मी पिले काळी होतात, आणि सात पिले एकामागून एक तपकिरी निघाली तर ते आअ असण्यास १२८ मध्ये एकच संधी होती असे म्हणता येते. एकच काळे पिलू मात्र क्षणात निकाल लावते.

लहान वेतांची ही अडचण जेथे सर्वांत महाग पडते ते स्थान पांढऱ्या ठिपक्याचे. ह्या उत्परिवर्तनाची जनावरे प्रथम कॅनडात आढळली व वेरिंग आणि पूल ह्यांनी त्याचे आनुवंशिक विवरण १९७८ मध्ये प्रसिद्ध केले. ठाठ जनावराच्या कपाळावर व मानेवर पांढरे ठिपके, पंजे पांढरे व शेपटीचे टोक पांढरे. ठा प्रभावी आहे. म्हणून तो मूळच्या नऊ जनावरांत लपून आलेला असणे शक्य नव्हते, तो नंतरच उद्भवला असला पाहिजे. ठिपकेवाल्याची साध्याशी जोडी लावली की निम्मी पिले ठिपक्याची होतात. दोन ठिपकेवाल्यांची जोडी लावली तर मेंडेलच्या नियमाने तीन-चतुर्थांश व्हावयास हवीत, होतात दोन-तृतीयांश.

असे प्रमाण आनुवंशिकीत नवीन नाही. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ क्युनो ह्यांस पिवळ्या उंदरांत १९०५ च्या सुमारास हेच आढळले होते. एकही पिवळा उंदीर शुद्ध निघेना. पिवळ्याचे शुक्रबीज पिवळ्याच्या अंड्यास फळवीत नसावे असा तर्क त्यांनी केला. १९१० मध्ये कॅसल व लिट्‌ल ह्यांनी खरे कारण दाखविले : शुद्ध पिवळे गर्भ धरतात, पण जन्मास येत नाहीत. जर्बिलच्या ठिपक्यातही तसेच आहे. ठाठा गर्भ मातेच्या उदरातच नाश पावतो. चारांतला एक गेला, उरलेल्या तिघांत दोन ठिपक्याचे व एक साधे; दोनास एक.

हे सांगावयास सोपे असले तरी पिंजऱ्यासमोर बसून ओळखणे सोपे नाही. शंभर पिले मोजली तर एका कल्पनेप्रमाणे ७५ ठिपक्याची हवीत व दुसऱ्याप्रमाणे ६७. ह्या संख्येवर केवळ योगायोगाने होणारी चूकच सुमारे ४ ची असते. शंभर पिले म्हणजे वीस वेते, आणि वीस वेतांनीही निर्णय काठावरच राहतो. मेलेले गर्भ दिसत नाहीत. ते गर्भाशयातच शोषिले जातात. वेत थोडे लहान झाले एवढेच दिसते, आणि वेत लहान होण्यास मातेचे वय, तिचा आहार, तिच्या अंगावर पीत असलेले आधीचे वेत अशी दहा कारणे असू शकतात. म्हणून मोजणीपेक्षा दुसरी कसोटी अधिक भरवशाची : दोन ठिपकेवाल्यांपासून झालेली ठिपक्याची पिले एकेक करून साध्या जोडीदारांशी जोडावी. त्यांत कोणी ठाठा असता तर त्याची सर्वच पिले ठिपक्याची झाली असती. असा एकही सापडत नाही. प्रत्येकाला साधी पिले होतात.

ठिपक्याची मागणी मोठी, म्हणून दोन ठिपकेवाल्यांची जोडी लावल्यास माल अधिक निघेल अशी समजूत प्रजनकांत वारंवार आढळते. तिचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. शंभर गर्भ धरले असे समजावे. ठिपकेवाला व साधा ह्यांच्या जोडीत ५० ठिपक्याचे व ५० साधे जन्मतात. दोन ठिपकेवाल्यांच्या जोडीत ५० ठिपक्याचे, २५ साधे, आणि २५ जन्मतच नाहीत. ठिपक्यांची संख्या दोन्हीकडे तीच. टक्केवारी वाढलेली दिसते, ती ठिपके वाढले म्हणून नव्हे तर साधे कमी झाले आणि मेलेले मोजले गेले नाहीत म्हणून. पन्नासास पन्नासच मिळत असताना चौथा हिस्सा गर्भ आणि मातेची तेवढी शक्ती फुकट दवडणारी ही जोडी लावण्यास कोणतेही समर्थन उरत नाही.

मात्र 'साधा' म्हणून जो जोडीदार निवडावयाचा तो खरोखर साधा असला पाहिजे. ठिपक्याचा विस्तार ठरलेला नसतो. इतर लहानसहान जनुकांच्या साहाय्याने तो कोठे मानेभोवती पट्ट्यासारखा पसरतो, तर कोठे कपाळावरील चार-सहा पांढऱ्या केसांपुरता आकसतो. उलट काळ्या जर्बिलचा पांढरा गळा व पांढरे पंजे, ज्यांचा उल्लेख आरंभी आला, ह्यांचा ठा शी काही संबंध नाही. तेव्हा गळा व पंजे पाहून निर्णय करू नये. कपाळ व मान ह्यांवरील केस उलटे फुंकरून पाहावेत आणि शेपटीच्या टोकाशी असलेला झुबका उजेडात तपासावा. सस जनावराच्या बाबतीत, जेथे पांढऱ्यावर पांढरे दिसणारच नाही, आईबापांची नोंदवही उघडावी, आणि ती नसेल तर त्या जनावरास ठिपकेवाल्याशी न जोडता प्रथम काळ्या, ठिपकाविरहित व स नसलेल्या जोडीदाराशी जोडून पिलांची कपाळे पाहावीत.